ऑफिस सुरू झाल्यावरही अंगावरचं दूध चालू ठेवलंय का कुणी?

रानजाई
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकीच्या विभागात असेल तर हलवा.

लेक साडेपाच महिन्यांची आहे. माझी २६ आठवड्यांची रजा संपत आली, अजून १६ दिवसांनी हजर व्हायचंय. घर कोथरूडला, ऑफिस हिंजवडीला. सकाळी आठला निघाले की घरी यायला सात वाजणार, म्हणजे अकरा तास. आजवर ती फक्त अंगावर पितेय, बाटली तोंडाशी नेली की जिभेनं ढकलते आणि असा काही टाहो फोडते की खालच्या मजल्यावरच्या काकू विचारायला येतात. पंप आणलाय. काल पहिल्यांदा लावला, पंचवीस मिनिटं बसले आणि दोन्ही बाजूंचं मिळून २० मिली निघालं. बाटलीच्या तळाशी जेमतेम पसरलं होतं. ते बघून मला जे रडू फुटलं ते थांबेचना.

साबा (सासूबाई) म्हणतात आमच्या वेळी तीन महिन्यांत गाईचं दूध लावलं, काय बिघडलं तुमचं. त्या वाईट हेतूनं म्हणत नाहीत, दिवसभर तिला सांभाळणार त्याच आहेत, त्यामुळे त्यांचंही टेन्शन मला कळतं. आई अळीवाच्या लाडवांचा डबा पाठवतेय. नवरा म्हणतो तू ठरवशील ते. पण मला ठरवताच येत नाहीये.

ऑफिसात वेगळी खोली नाही. एचआरला विचारलं तर ती मुलगी गोड बोलली आणि म्हणाली आमचं वॉशरूम खूप स्वच्छ असतं मॅम. मला तिथं दूध काढायचं नाहीये, लेकीचं जेवण आहे ते.

तर ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा, खरंच जमतं का? किती दिवस जमतं? आणि नाही जमलं तर?

मोरपंखी
रानजाई, आधी एक खोल श्वास घे. २० मिली पहिल्या दिवशी म्हणजे छान आहे गं! माझं पहिल्यांदा एका बाजूला काहीच आलं नव्हतं आणि मी लेकाला चौदा महिन्यांपर्यंत पाजलं, त्यातले आठ महिने ऑफिस करून.

मी काय केलं ते सांगते, यातलं तुला जमेल तेवढं घे. पहाटेचा फीड झाला की तासाभरानं पंप लावायचे, तेव्हा दूध जास्त असतं. पहिले चार दिवस २०-३० मिली, मग आठवड्यात साठ-सत्तरपर्यंत गेलं. शरीराला कळायला वेळ लागतो की मागणी वाढलीय. फ्रीझर भरून ठेवायच्या मागे लागू नकोस, ते मोबाईलवरचे सत्तर-सत्तर पिशव्यांचे फोटो बघणं तर आधी बंद कर. तुला फक्त पहिल्या दिवसाचं दूध आणि थोडं राखीव लागतं, कारण सोमवारी ऑफिसात काढलेलं मंगळवारी बाळ पिणार आणि मंगळवारचं बुधवारी.

हिशोब म्हणशील तर अंगावर पिणारं बाळ तासाला साधारण ३० ते ३५ मिली धरायचं. अकरा तासांचे साडेतीनशे ते चारशे. उष्टावण झालं की तेही हळूहळू कमी होईल. पिशवीत एका वेळी ६०-९० मिलीच भर, दोनशे भरलंस आणि तिनं पन्नास पिऊन तोंड फिरवलं तर उरलेलं टाकताना जीव जातो. वर तारीख लिही, जुनं आधी वापर.

पंप करताना लेकीचा व्हिडिओ बघ. मी लेकाचं एक टोपडं पर्समध्ये ठेवायचे, त्याचा वास घेतला की अर्ध्या मिनिटात पान्हा फुटायचा.

चांदणचुरा
वाचनखूण साठवली. फेब्रुवारीत माझी हीच परीक्षा आहे.

शाळेतल्या_बाई
मी जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे, सातारा जिल्ह्यात, गावाचं नाव सांगत नाही. आमच्याकडे १८० दिवस रजा मिळते त्यामुळे मीही सहा महिन्यांनीच हजर झाले. पंप वगैरे काही नव्हतं, परवडलाही असता पण शाळेत लाईटचाच भरवसा नाही. मी हातानंच काढायचे. त्याबद्दल कोणी बोलत नाही म्हणून सविस्तर लिहिते.

हात साबणानं धुवायचे. गरम पाण्यात बुडवून पिळलेला पंचा दोन मिनिटं छातीवर ठेवायचा, मग बोटांनी बाहेरून आत हलकं गोल गोल चोळायचं. अंगठा वर आणि दोन बोटं खाली, काळ्या भागाच्या जरा मागं, अगदी टोकाला धरायचं नाही. आधी छातीच्या पिंजऱ्याकडे मागं दाबायचं, मग बोटं एकमेकांकडे आणून पुढं लोटल्यासारखं करायचं, सोडायचं, परत. निपल ओढायचं नाही, त्यानं दुखतं आणि येतही नाही काही. पहिले दोन-तीन मिनिटं थेंब थेंब येतं, मग एकदम चिळकांडी सुटते. बोटं फिरवत राहायची म्हणजे सगळीकडचं मोकळं होतं. उकळलेल्या स्टीलच्या पेल्यात धरायचे, वर झाकण.

आणि बाटलीचा नाद सोड. माझ्या मुलीनं बाटली आयुष्यात घेतली नाही. आमच्या आत्यानं माळ्यावरून चांदीचं बोंडलं काढलं, म्हणजे बाळाला पाजायचं चोचीचं छोटं भांडं, नवऱ्याच्या बाळपणीचं, आणि त्यानं पाजलं. वाटी-चमच्यानंही पितात. बाळाला अर्धवट बसतं धरायचं आणि दूध ओठाला लावायचं, आत ओतायचं नाही, ते जिभेनं आपलं आपण घेतं. पहिले दोन दिवस निम्मं लाळेऱ्यात जातं. तिसऱ्या दिवशी आत्या बोंडलं घेऊन आल्या की ती तोंड उघडून वाट बघायची.

मधल्या सुट्टीत माझी धाकटी जाऊ बाळाला घेऊन शाळेत यायची, घर जवळ होतं म्हणून जमलं. चौथीची पोरं वर्गाच्या दाराशी उभी राहायची, बाईंचं बाळ जेवतंय, आत जायचं नाही म्हणून सगळ्यांना अडवायची.

रानजाई
चौथीची पोरं!! शाळेतल्या_बाई, तुम्ही मला या आठवड्यात पहिल्यांदा हसवलंत. बोंडलं आमच्याकडेही असणार, साबांना विचारते.

स्पष्टवक्ती_अमरावती
मी जरा वेगळं बोलते, राग मानू नका. इतका अट्टहास कशासाठी? मी केला होता. ऑफिसात मला वेळ द्यायचे नाहीत, पंप करायला म्हणून उठले की टीम लीडर घड्याळाकडे बघायचा, मग मी एक सत्र चुकवायचे, मग दोन. दुसऱ्या महिन्यात डाव्या बाजूला गाठ धरली, लालभडक, रात्री हुडहुडी भरून १०३ ताप. तशीच दुसऱ्या दिवशी गेले कारण रजा शिल्लक नव्हती. आठव्या महिन्यात मी बंद केलं. दिवसा पावडरचं दूध, डॉक्टरांना विचारून. माझी मुलगी आता सात वर्षांची आहे, ठणठणीत आहे. पण ते बंद केलं तेव्हा ज्या ज्या बायका मला भेटल्या त्यांनी "अगं थोडी कळ काढायची होतीस" असं ऐकवलं, ते मी आजतागायत विसरलेले नाही. आईचं दूध अमृत वगैरे सगळं मान्य, पण आईचं काय?

मोरपंखी
स्पष्टवक्ती, अजिबात राग नाही. तू कळ काढली नाहीस असं म्हणणाऱ्या बायकांनी १०३ तापात हिंजवडीची बस पकडून दाखवावी. पण मला वाटतं तुझ्या गोष्टीत दूध कमी पडलं नव्हतं, वेळ कमी पडला होता, आणि तो देणं ऑफिसचं काम होतं.

केळफूल
मोरपंखी +१. अमरावतीला हिंजवडीची बस जात नाही पण भावना पोचल्या.

स्पष्टवक्ती_अमरावती
तेव्हा पुण्यातच होते, बस बरोबर आहे.

डॉ_पिंपळपान
बालरोगतज्ज्ञ आहे. इथे तपासणी करता येत नाही तेव्हा सर्वसाधारण माहितीच देतो.

पहिली गोष्ट, पंपात आलेलं दूध म्हणजे अंगावर आहे तेवढं दूध नव्हे. बाळ ओढतं तितकं यंत्राला जमत नाही. बाळाचं वजन वाढतंय आणि दिवसातून सहा-सात वेळा शू होतेय तर दूध पुरतंय. पंपाच्या फनेलचं माप बघा, बऱ्याच जणींना सोबत आलेलं माप मोठं किंवा लहान होतं आणि त्यामुळे दुखतं आणि कमीही येतं. हे बदलल्यावर दूध दीडपट झालेल्या आया मी पाहिल्यात.

साठवण. २५ अंशांच्या आसपास खोलीत चार तास, पण आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये खोली ३५ ला असते, तेव्हा लगेच फ्रिज किंवा बर्फाच्या पिशव्यांचा डबा. फ्रिजमध्ये चार दिवस, आतल्या बाजूला, दारात नाही. फ्रीझरमध्ये सहा महिने उत्तम. गोठलेलं काढलं की २४ तासांत संपवायचं, परत गोठवायचं नाही. गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये तापवायचं नाही, कोमट पाण्याच्या भांड्यात बाटली उभी करायची. साय वेगळी होऊन वर येते, दूध नासलं म्हणून लोक टाकतात, नुसतं हलकं फिरवलं की एकजीव होतं. बाळानं तोंड लावलेलं उरलं तर दोन तासांत संपवा नाहीतर टाका. काहींच्या दुधाला ठेवल्यावर साबणासारखा वास येतो, त्यात लायपेज हे एन्झाइम जास्त असतं. ते दूध खराब नसतं, पण बाळ नको म्हणत असेल तर काढल्या काढल्या कडेला बुडबुडे येईपर्यंतच तापवून गार करून गोठवायचं.

रानजाई, तुमच्या सासूबाईंना माझ्याकडून नमस्कार सांगा आणि सांगा की वर्षाच्या आत गाईचं दूध मुख्य अन्न म्हणून नको, त्यात लोह कमी असतं आणि मुलं पांढरी पडतात. पण त्यांच्यासाठी मोठं काम आहे. सहा महिने पूर्ण झाले की दोन वेळचं खाणं त्यांच्याच हातात येणार, नाचणीची पेज, तूप घातलेला मऊ वरणभात, कुस्करलेलं केळं. जागतिक आरोग्य संघटना सहा महिने निव्वळ स्तनपान आणि पुढे वरच्या अन्नाबरोबर दोन वर्षं आणि त्याहून जास्त असं सांगते. "बरोबर" हा शब्द महत्त्वाचा, दूध आणि पेज दोन्ही.

स्पष्टवक्ती ताईंना झालं ते मॅस्टायटिस. गाठ आणि ताप असेल तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा, आणि त्या बाजूनं पाजणं थांबवू नका, बाळाला त्रास होत नाही. आणि पावडर द्यावी लागली म्हणून कुणी आई कमी ठरत नाही, हे मी दवाखान्यात रोज सांगतो.

नवखा_बाबा
पुरुषानं लिहिलं तर चालेल ना? आमच्याकडे नऊ महिने झाले हे सुरू आहे. पाजणं बायकोचं, बाकी सगळं माझं अशी वाटणी आहे. रात्री साडेअकराला पंपाचे सगळे भाग सुटे करायचे, ती एक पिवळी झडप असते कागदाएवढी पातळ, ती एकदा सिंकच्या जाळीतून गेली आणि मी रात्री पाइप उघडून बसलो होतो कारण सकाळी सातला पंप लागणार होता. तेव्हापासून वेगळं पातेलं ठेवलंय, गरम पाणी आणि साबण, मग जाळीवर पालथे. रोज एकदा उकळणं. पिशव्यांवर तारखा मी लिहितो. सकाळी डब्याबरोबर बर्फाच्या पिशव्या मी भरतो.

एक अनुभव सांगतो. मे महिन्यात आमच्याकडे अकरा तास लाईट गेली, फ्रीझरमध्ये १४ पिशव्या. बायको फ्रिजसमोर खाली बसून रडत होती, एकेक पिशवी हातात घेऊन. डॉक्टरांना फोन केला, ते म्हणाले बर्फाचे कण शिल्लक असतील ती परत गोठवलीत तरी चालेल, पूर्ण पातळ झालंय ते फ्रिजमध्ये ठेवून २४ तासांत वापरा. नऊ वाचल्या. दरवाजा उघडबंद करू नका, हे आधी कळलं असतं तर सगळ्या वाचल्या असत्या.

केळफूल
नवखा_बाबा, तुमचं आयडी बदलून मुरलेला_बाबा करा आता.

कलम_आणि_कायदा
कामगार कायद्याचं काम करते म्हणून लिहिते. मातृत्व लाभाचा मूळ कायदा १९६१ चा, तेव्हा रजा १२ आठवडे. २०१७ च्या दुरुस्तीनं पहिल्या दोन मुलांसाठी २६ झाली, तिसऱ्यापासून १२ च. ही सगळ्यांना माहीत असते. जे माहीत नसतं ते असं की, बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत कामाच्या वेळात रोजच्या विश्रांतीशिवाय आणखी दोन नर्सिंग ब्रेक देण्याची तरतूद १९६१ पासूनच आहे, ती मेहेरबानी नाही. आणि ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथं पाळणाघराची सोय हवी आणि आईला दिवसातून चार वेळा तिथं जाऊ द्यायला हवं, ही २०१७ ची भर. कामाचं स्वरूप तसं असेल तर रजेनंतर काही काळ घरून काम करू देण्याचीही तरतूद आहे, पण ती दोघांच्या संमतीनं.

रानजाई, तोंडी विचारू नकोस. ईमेल कर. चार ओळी पुरेत. मी अमुक तारखेला हजर होतेय, बाळ स्तनपानावर आहे, कायद्याप्रमाणे दोन नर्सिंग ब्रेक अमुक वेळेला घेईन, त्यासाठी कडी लागणारी आणि प्लग पॉइंट असलेली खोली सांगावी. "मिळेल का" असं लिहू नको, "कुठली ते सांगावं" असं लिही. भांडायचं नाही, फक्त लेखी ठेवायचं. लेखी आलं की लोक शोधायला लागतात.

डोंबिवलीची_आजी
मी ६८ वर्षांची आहे, सुनेनं हा धागा दाखवला म्हणून लिहायला बसले. मराठी टायपिंग हळू आहे.

१९८३ साली माझा मुलगा झाला. तेव्हा तीनच महिन्यांची रजा, मी त्यातली थोडी आधी घेतली होती त्यामुळे बाळ अडीच महिन्यांचं असताना हजर झाले. सरकारी कचेरी, व्हीटीला. ७.५२ ची लोकल. पाळणाघर असं नव्हतंच, शेजारच्या मावशी सांभाळायच्या. पंप हा शब्द ऐकलेला नव्हता. साडेअकरा वाजले की छाती दगडासारखी व्हायची. कुणाचं तरी लहान मूल रडलं, अगदी रस्त्यावरचं, की पान्हा फुटायचा आणि ब्लाऊज भिजायचा. मी गडद रंगाच्या साड्याच नेसायचे तेव्हा आणि पदर दोन्ही खांद्यांवरून घ्यायचे. आत तलम जुन्या धोतराच्या घड्या. जेवणाच्या सुट्टीत बायकांच्या बाथरूममध्ये जायचं आणि बेसिनमध्ये दूध पिळून टाकायचं. नळ सोडून ठेवायचे म्हणजे बाहेर कळू नये. पांढरं दूध त्या बेसिनच्या भोकातून जाताना बघायचं आणि तिकडे डोंबिवलीत माझं बाळ पाणी घातलेलं म्हशीचं दूध पीत असायचं.

महिन्याभरात दूध आटलं. लोक म्हणाले बरं झालं, सुटलीस.

नंतर १९८९ साली सायन हॉस्पिटलमध्ये डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी आईच्या दुधाची बँक काढली, आशियातली पहिली. पेपरात वाचलं तेव्हा मी स्वयंपाकघरात उभी होते, मला तिथंच खाली बसावं लागलं. काढलेलं दूध जपून ठेवता येतं, ते दुसऱ्याच्याही बाळाला देता येतं, हे मला कुणी सहा वर्षं आधी सांगितलं असतं तर.

रानजाई, वीस मिली म्हणजे किती गं? चार चमचे? ते चार चमचे तुझ्या लेकीच्या पोटात जातायत. मोजू नकोस, जपून ठेव.

रानजाई
आजी, मी हे लेकीला पाजता पाजता वाचलं आणि साबांना मोठ्यानं वाचून दाखवलं. साबा बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, मला पण तसंच व्हायचं, मी कापसाच्या घड्या ठेवायचे, कुणाला सांगायची पद्धत नव्हती. त्या पोस्टात होत्या. बारा वर्षं झाली लग्नाला, मला हे आज कळलं.

सह्याद्रीवेडा
आपल्याकडे हा विषय निघाला आणि हिरकणी आली नाही असं कसं? रायगडावर दूध विकायला गेलेली गवळण, कोजागिरीची रात्र, दरवाजे बंद झाले आणि घरी तान्हं बाळ भुकेलं, म्हणून कडा उतरून गेली. महाराजांनी तिचा सन्मान केला आणि तिथं बुरूज बांधला. नोकरी करून पाजणाऱ्या सगळ्या आयांना मानाचा मुजरा!

स्पष्टवक्ती_अमरावती
मुजरा पोचला, पण दादा, मला लहानपणापासून त्या गोष्टीतला दरवाजा खुपतो. एक तान्हं बाळ घरी आहे एवढं सांगूनसुद्धा उघडला नाही ना. आणि आपण साडेतीनशे वर्षं कड्याचंच कौतुक करतोय.

शाळेतल्या_बाई
मी तिसरीला ही गोष्ट सांगते तेव्हा एक ना एक मूल हटकून विचारतं, बाई मग बाळाला खाली कोण बघत होतं?

सह्याद्रीवेडा
स्पष्टवक्ती, खरंय. मी असा विचार केला नव्हता. पण नाव लागलं हेही काही कमी नाही, एसटी स्टँडवरच्या स्तनपानाच्या खोलीला हिरकणी कक्षच म्हणतात ना.

तिकीट_तिकीट
कंडक्टर आहे म्हणून सांगते. काही स्टँडवर चांगले आहेत, पंखा, बाकडं, पडदा सगळं. काही ठिकाणी कुलूप असतं आणि किल्ली कंट्रोलर साहेबांच्या टेबलात. मागितली की मिळते, लाजू नका, मागा. माझी स्वतःची ड्युटी लांबच्या गाडीवर होती बाळ आठ महिन्यांचं असताना, मुक्कामी जायचे तेव्हा मी त्या खोलीत बसून हातानं काढायचे, तेवढ्या दहा मिनिटांनी पुढच्या सहा तासांचा ठणका वाचायचा. विनंती करून लोकल फेऱ्या घेतल्या तेव्हा कुठं सुटले.

कलम_आणि_कायदा
आमदार सरोज अहिरे डिसेंबर २०२२ मध्ये अडीच महिन्यांच्या बाळाला घेऊन नागपूरच्या अधिवेशनाला आल्या होत्या, आठवतंय? आणि पुढच्या वर्षी मुंबईच्या अधिवेशनात विधानभवनातल्या हिरकणी कक्षाची अवस्था त्यांनी सगळ्यांसमोर मांडली. कायदे होतात तिथं ही तऱ्हा, म्हणून म्हणते लेखी मागा.

अंगणवाडी_ताई_बीड
तुम्ही सगळ्या ऑफिसचं लिहिताय, चांगलं लिहिताय. माझ्या गावचं सांगते. दिवाळी झाली की निम्मं गाव ऊसतोडीला जातं. कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं मिळून एक, उचल (आगाऊ पैसे) दोघांची मिळून घेतलेली असते. त्यामुळे बाळंतीण झाली तरी मागं राहता येत नाही, खाडा झाला की पैसे कापतात. दोन महिन्यांचं बाळ फडाच्या बांधावर, पाचटावर लुगडं अंथरून किंवा झोळीत. मोठी बहीण पाच वर्षांची, ती राखण करते. आई मोळ्या बांधता बांधता येऊन पाजते, हाताला कुसं लागलेली असतात. दूध असतं त्यांना, नीट असतं, पण पोटात अन्न नाही आणि वेळ नाही.

दरवर्षी १ ते ७ ऑगस्ट स्तनपान सप्ताह असतो, मी पोस्टर लावते, बायका जमतात, प्रश्न विचारतात. पण ज्यांना खरी गरज ती बाई जानेवारीत असते फडात, तिथं माझं पोस्टर पोचत नाही. रोजगार हमीच्या कामावर पाच किंवा जास्त लहान मुलं असली की एका बाईला मुलं सांभाळायचं काम देऊन तिला मजुरी द्यायची असा नियम आहे. तसंच फडात का होत नाही? एक बाई, एक तंबू, पिण्याचं पाणी. एवढंच लागतं.

मोरपंखी
ताई, काय बोलू. रोजगार हमीचं हे मला माहीतच नव्हतं.

कलम_आणि_कायदा
ताई, हा मुद्दा मी आमच्या गटात मांडते. तुम्हाला वेगळा निरोप पाठवते.

डॅलसकर
अमेरिकेतून. इथं माझी रजा १२ आठवडे होती, तीही बिनपगारी, त्यामुळे २६ ऐकून हेवा वाटला. पण एक गोष्ट इथं चांगली आहे. बाळ वर्षाचं होईपर्यंत पंपिंगसाठी वेळ आणि जागा द्यावी लागते, आणि कायद्यातच लिहिलंय की ती जागा बाथरूम नको. २०१० पासून आहे, २०२२ मध्ये शिक्षिका, नर्स वगैरे राहिलेल्यांनाही लागू झालं. पंप विम्यातून मिळाला. रजा तुमची आणि खोली आमची असं एकत्र करता आलं असतं तर!

म्युनिकची_मैना
जर्मनीत पाजण्यासाठी दिवसातून दोनदा अर्धा तास किंवा एकदा एक तास, बाळ वर्षाचं होईपर्यंत, पगार न कापता. मी एकदम तास घ्यायचे आणि लवकर घरी. बाकी अळीव इथं रोपं म्हणून मिळतात, सॅलडवर टाकतात. मी बियाणं आणून खीर केली.

सुगरण_सखू
अळीवावर आलात तर मी बोलणारच. अळीव नारळपाण्यात भिजवा, चांगले फुगू देत, मग ओलं खोबरं आणि गूळ. मंद आचेवर गोळा होईस्तोवर. जायफळ. रोज एकच लाडू. शेपूची भाजी, बाळंतशेपा, लसूण घालून बाजरीची भाकरी.

डॉ_पिंपळपान
सखूताई, लाडू उत्तम, आईला लोह मिळतं. पण कृपया कुणी असं समजू नका की लाडवानं दूध वाढेल आणि काढलं नाही तरी चालेल. दूध जितकं निघतं तितकं बनतं. रात्री पाजणं टिकवा, तेव्हा दूध बनवणारं हार्मोन जास्त असतं. आई कामावर जायला लागली की बरीच बाळं दिवसा कमी पितात आणि रात्री वसूल करतात. बाळ बिघडलं असं नाही, त्याला आई हवी असते. फक्त त्या दिवसांत आईला घरचं दुसरं काही काम देऊ नका.

नवखा_बाबा
शेवटचं वाक्य प्रिंट काढून फ्रिजवर लावतोय.

चांदणचुरा
रानजाई, सोळा दिवस होऊन गेले गं. काय झालं?

रानजाई
आले! खरं तर रोज लिहायचं म्हणत होते, झोपच इतकी येते.

हजर होऊन तीन आठवडे झाले. ईमेल केलं, कलमताईंनी सांगितलं तस्सं, "कुठली ते सांगावं". दोन दिवस शांतता, मग त्याच एचआरच्या मुलीचा फोन, मॅम सर्व्हर रूमच्या शेजारी एक स्टेशनरीची खोली आहे, बघता का. खोक्यांनी भरलेली, पण कडी होती आणि प्लग होता. ऑफिस बॉय दादांनी खोकी एका बाजूला रचली आणि एक खुर्ची आणून ठेवली. साडेअकरा आणि साडेतीन. पहिल्या दिवशी साडेअकराला ५० मिली, आता ९० पर्यंत येतं. ऑफिसच्या फ्रिजमध्ये ठेवते, डब्यावर लिहिलंय "घरी न्यायचं औषध, हात लावू नये". एका सहकाऱ्यानं काळजीनं विचारलं तब्येत बरी आहे ना.

बाटली तिनं घेतलीच नाही. बोंडलं साबांनी शोधलं, त्यांच्या आईचं, चिंचेनं घासून लख्ख केलं आणि उकळलं. पहिल्या दिवशी मी ऑफिसात फोन हातात घेऊन बसले होते. साडेबाराला फोटो आला, साबांचा पदर दुधानं भिजलेला आणि लेक बोंडल्याची चोच ओठात धरून माझ्या जुन्या गाऊनवर पसरलेली. दोन दिवस फक्त तीस-चाळीस मिली पोटात जायचं, मग संध्याकाळी सात ते पहाटेपर्यंत नुसती चिकटून. चौथ्या दिवसापासून शंभर एका वेळी. आता साबा पिशव्यांचा हिशोब ठेवतात, वहीत, पोस्टातल्यासारखा, आवक आणि जावक. गाईच्या दुधाचा विषय परत निघालेला नाही. उष्टावण झालं, नाचणी आवडते, केळं थुंकते.

गेल्या गुरुवारी चांदणी चौकात दीड तास अडकले, छाती भरून आलेली, कुर्त्यावर दोन डाग. कॅबमध्ये ओढणी गुंडाळून बसले होते. डोंबिवलीच्या आजींची खूप आठवण झाली. घरी पोचले तर साबा दारात तिला कडेवर घेऊन उभ्या, म्हणाल्या आधी बस, चप्पल मी काढते.

किती दिवस जमेल माहीत नाही. स्पष्टवक्ती, नाही जमलं तर तुला सांगेन पहिलं, कारण तू ओरडणार नाहीस हे माहितीये.

स्पष्टवक्ती_अमरावती
कधीही सांग. रात्री दोनलाही चालेल, तेव्हा जागीच असशील ना तू.

डोंबिवलीची_आजी
त्या वहीचा फोटो टाक बरं.

गुलबक्षी
धागा वर काढतेय. माझा मुलगा पाच महिन्यांचा, मी पुढच्या महिन्यात हजर होतेय, बँकेत कॅश काउंटरला आहे म्हणजे मध्ये उठताच येत नाही. बाटली नाही घेत, बोंडलंही नाही घेत, चमचा फेकतो. कुणी आहे का जागं?

शाळेतल्या_बाई
आहे. आधी सांग, भरवताना तू त्याच खोलीत असतेस का?